अण्णांच्या फायलींना सोलापुरात एक खोली द्या

प्रति,
सोलापूर महानगरपालिकेचे पदाधिकारी व आयुक्त,
आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचे कुलगुरू यांस,

सविनय नमस्कार.

साखर पेठेजवळच्या एका चौकाला पत्रकार अण्णांचं नाव द्यावं, असा अर्ज भागातल्या मंडळींनी केला आहे. त्यावर माझीही सही आहे. पण पाटी पुढच्या वर्षी लागली तरी चालेल. अण्णांची खोली मात्र मृगाच्या आत रिकामी करायची आहे. त्या भाड्याच्या खोलीत तीन भिंतींना लागून छतापर्यंत वर्तमानपत्रांचे बांधीव खंड, कात्रणांच्या फायली आणि टिपणवह्या आहेत. घरमालक भला माणूस आहे, इतकी वर्षं त्यांनी भाडं वाढवलं नाही. आता त्यांच्या मुलाच्या संसाराला जागा हवी आहे. घरच्यांना हे सगळं न्यायला दुसरी जागा नाही. रद्दीवाला येऊन अंदाज घेऊन गेला, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

अण्णांचं नाव मी इथे लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. ते कोणत्या साप्ताहिकात होते, मग कोणत्या दैनिकात गेले, हे आपल्या दोन्ही कार्यालयांतल्या जुन्या माणसांना विचारलंत तर लगेच कळेल. उन्हातान्हात सायकलवरून येणारा आणि आवक-जावक बारनिशीपाशी उभा राहून नोंदी उतरवून घेणारा पत्रकार फार जण विसरले नसतील.

1972च्या दुष्काळात त्यांनी बातमीदारीला सुरुवात केली. तेव्हा ते एका साप्ताहिकात प्रुफं तपासायचे. शिशाचे खिळे जुळवायचे, पायाने चालवायच्या ट्रेडल यंत्रावर छापायचं, अशा काळातलं ते साप्ताहिक. रोजगाराची कामं निघाली होती. माणसं घरदार उचलून खडी फोडायला बसली होती, पाझर तलावांवर माती वाहत होती, पोरांना सुकडी मिळत होती. संपादकांनी अण्णांना सांगोला-मंगळवेढ्याकडे पाठवलं ते कामावरच्या माणसांची एखादी मुलाखत आणायला. अण्णा मुलाखत न घेता मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, बघायला मिळतं का, या खटपटीला लागले. एका कामावर त्यांना ते मिळालं. मस्टरवरची नावं त्यांनी उतरवून घेतली, पगाराच्या दिवशी तिथे जाऊन उभे राहिले आणि एकेक नाव मोठ्याने पुकारलं. काही नावांना कोणी ओ दिली नाही. काही नावं गाव सोडून कधीच गेलेल्यांची होती. बातमीत त्यांनी एकही विशेषण वापरलं नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या कामावर, किती नावं पुकारली आणि किती माणसं पुढे आली, एवढंच लिहिलं. ते कात्रण मी वाचलं आहे. आजही ते वाचताना हात थरथरतो, कारण त्या खडीवर माझी आजी होती.

पुढे त्याच कामावरच्या बायका मजुरी कमी मिळते म्हणून तहसीलवर गेल्या, तेव्हा अण्णा त्यांच्याबरोबर चालत गेले. इथून त्यांच्या आयुष्यात दोन्ही कामं एकत्र झाली, ती शेवटपर्यंत. दिवसा मोर्च्यात, रात्री टेबलावर. पत्रकाराने चळवळीत पडावं का, असं त्यांना व्यासपीठावरून आणि व्यासपीठाखालूनही विचारलं जायचं. त्यांनी त्यासाठी एक साधी शिस्त लावून घेतली होती. ज्या मोर्च्यात ते स्वतः चालले, त्याची बातमी दुसऱ्याने लिहायची. ती लिहिणाऱ्याला त्यांनी एक शब्द सुचवायचा नाही. आणि ज्या प्रश्नात ते पडले आहेत त्यावर लेख लिहिला, तर शेवटी तसं सांगून टाकायचं. मला वाटतं, वाचकाला यापेक्षा जास्त काही लागत नाही. लिहिणारा कुठे उभा आहे हे कळलं की बाकीचं त्याचं तो ठरवतो.

आणि सोलापुरात तरी हे नवं नव्हतं. 1930च्या मे महिन्यात या शहराने इंग्रजांना हुसकलं, 9 ते 11 मे हे दिवस शहर लोकांच्या हातात होतं, 12 तारखेपासून मार्शल लॉ आला. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. पुतळ्यांना हार घालताना आपण चारही नावं घेतो. पण कुर्बान हुसेन हे संपादक होते, 'गझनफर' हे पत्र ते चालवत होते आणि गिरणी कामगारांत काम करत होते, हे किती पोरांना आपण सांगतो? विशी-एकविशीतला मुलगा तो. मार्शल लॉच्या त्याच दिवसांत 'कर्मयोगी'चे रामभाऊ राजवाडे तुरुंगात गेले. म्हणजे या गावात पेपर काढणं आणि लोकांबरोबर उभं राहणं हे जवळजवळ शंभर वर्षं एकाच माणसाने केलेलं काम आहे. त्या काळातल्या अंकांपैकी जे कुठे शिल्लक असतील, त्यांच्या निदान प्रती तरी सोलापूरच्या मुलांना सोलापुरात बसून वाचता यायला हव्यात. त्यासाठी मुंबई-कोलकात्याची गाडी पकडायला लागू नये.

माझा आणि अण्णांचा संबंध आईमुळे आला. आई विड्या वळायची. आमच्या घरात तेलुगू बोलतात, पण सोलापुरातल्या बऱ्याच घरांसारखं आम्ही भांडतो मराठीत. विडी कारखान्याच्या ब्रँचमधून पान-तंबाखू आणायची, रात्रीतून पानं भिजवायची, सकाळी कापायची, वळायची आणि ब्रँचला नेऊन द्यायची. तिथे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळायचे नाहीत, आणि त्या विड्या परतही मिळायच्या नाहीत. विडी कामगारांचा कायदा 1966 सालचा आहे, कल्याण निधीचा 1976चा. कागदावर या बायकांना फंड होता, रजा होती, ओळखपत्र होतं. अण्णांनी यावर बातम्यांची मालिका केली तेव्हा ते ब्रँचच्या दारात न जाता आमच्या घरांत येऊन बसले. एका घरात सकाळपासून संध्याकाळपर्यंत. किती पानं मिळाली, त्यातली फाटकी किती, वळलेल्या विड्या किती, नाकारलेल्या किती, हातात पैसे किती. प्रत्येक बाईला विचारून, तिची हरकत नसेल तरच पूर्ण नाव छापलं. आई हो म्हणाली. आमच्या घरातल्या कोणाचं नाव छापून येण्याची ती पहिली वेळ. लग्नपत्रिका सोडून.

त्याच अण्णांनी विडी कामगारांच्या घरांची चळवळ पहिल्या सभांपासून लिहिली. कुंभारीला विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत 2006 मध्ये 10,000 घरांचा ताबा मिळाला, तेव्हा बाहेरून आलेले पत्रकार पंतप्रधान मनमोहनसिंगांच्या भाषणाची बातमी देत होते आणि अण्णा वसाहतीत हिंडत होते. कोणाचा नळ सुरू आहे, कोणाचं दार बसत नाही, शाळा किती लांब पडते, हे लिहून घेत होते. काही जणांना तेव्हा तो आनंदाच्या दिवशी खोडा वाटला. मला तसं वाटत नाही. ज्याने घर मागण्यापासून साथ दिली त्यालाच दाराची कडी तपासायचा हक्क असतो. पुढे कामगारांसाठीच रे नगरची 30,000 घरांची योजना आली आणि 2024च्या जानेवारीत त्यातल्या 15,000 घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. तोवर अण्णा थकले होते, तरी तिकडच्या पाण्याचं आणि एसटी-बसचं काय, हा त्यांचा प्रश्न होताच.

आता मी वकिली करते, बहुतेक कामगारांचीच. वर्तमानपत्रातली बातमी कोर्टात आपोआप पुरावा ठरत नाही, हे मला शिकवायला नको. पण बातमी साक्षीदार कुठे शोधायचा ते सांगते. एका प्रकरणात कामाची जागा कधी बंद झाली, यावरच सगळं अडलं होतं. समोरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे ती फार आधी बंद झाली होती, आणि ते मान्य झालं असतं तर बायकांची नोकरीची वर्षं ग्रॅच्युइटीला पुरली नसती. बायकांना तारीख आठवत नव्हती, पाऊस होता एवढंच आठवत होतं. अण्णांच्या फायलीत एका धरण्याची छोटी बातमी निघाली. तारीख होती, धरण्याचं कारण होतं, आणि धरण्यावर बसलेल्या बायकांची नावं होती, गल्लीसकट. त्या गल्ल्यांत गेलो, दोघी जणी सापडल्या. त्यांच्या ट्रंकेत त्या महिन्याचे कागद होते. निकाल बायकांच्या बाजूने लागला. त्या बातमीला पानावर जेमतेम चार बोटं जागा मिळाली होती. अशा किती चार बोटांच्या बातम्या त्या खोलीत आहेत, हे अजून कोणी मोजलेलं नाही. बंद गिरण्यांच्या थकबाकीची, जळालेल्या यंत्रमाग शेडची, उजनीच्या धरणग्रस्तांना मिळालेल्या आणि न मिळालेल्या जमिनीची नोंद तिथे आहे. नळाला किती दिवसांनी पाणी आलं याचीही एक वही आहे, पेठवार. पाण्याच्या नियोजनावर जो कोणी आज काम करतो आहे, त्याने ती एकदा तरी चाळावी.

किल्लारीच्या भूकंपाचं सांगायलाच हवं. 30 सप्टेंबर 1993ची पहाट, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जनाच्या बातम्या देऊन पत्रकार नुकते घरी गेले होते. जमीन हलली ती सोलापुरातही जाणवली, आणि दिवस उजाडल्यावर जखमींना घेऊन गाड्या सोलापूरच्या सिव्हिलमध्ये यायला लागल्या. अण्णा पहिल्या दिवशी किल्लारीला गेले नाहीत. सगळे तिकडे निघाले आहेत, इथे कोणीतरी थांबलं पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. वॉर्डावॉर्डांतून फिरून त्यांनी जखमींची यादी केली: नाव, गाव, अंदाजे वय, कोणत्या वॉर्डात. ज्याला बोलता येत नव्हतं त्याच्या अंगावरच्या कपड्यांचं आणि गोंदणाचं वर्णन. ती यादी त्यांनी कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लावली आणि रोज बदलत ठेवली. लातूर-उस्मानाबादकडून माणसं शोधत आलेले नातेवाईक आधी तो फळा बघायचे. यादीचे मूळ कागद खोलीत आहेत. काही नावांपुढे बरोबरची खूण आहे. नातेवाईक भेटले की ते ती खूण करायचे.

2002च्या ऑक्टोबरात शहरात दंगल झाली, संचारबंदी लागली. त्या दिवसांतले त्यांच्या पेपरचे अंक बघा. ऐकीव एक ओळ नाही. कोणत्या भागात दूध मिळेल, औषधाचं कोणतं दुकान उघडं आहे, रुग्णाला न्यायचं तर कोणाला कळवायचं, हे मोठ्या टाइपात. अफवा छापून खप वाढवायचा मोह तेव्हा कोणालाही झाला असता.

त्यांना आयुष्यभरात नेमणूकपत्र मिळालं नाही. हे त्यांच्या एकट्याचं नाही. तालुक्यातालुक्यांत बातमीदार आजही जाहिरातीच्या कमिशनवर जगतात. पगारपत्रक नाही, फंड नाही, नावाचं ओळखपत्रसुद्धा दरवर्षी मिळेलच असं नाही. राज्य सरकारची बाळशास्त्री जांभेकरांच्या नावाने ज्येष्ठ पत्रकारांसाठी सन्मान योजना आहे. तिच्यासाठी अनेक वर्षांच्या पत्रकारितेचा पुरावा दाखवावा लागतो. ज्याला मालकाने कधी कागदच दिला नाही, त्याने तो कुठून आणायचा? त्याच्यापाशी असतात ते त्याच्या नावाने छापलेले अंक. तेच रद्दीत गेले, पेपर बंद पडला, मालक वारले, तर त्या माणसाने इतकी वर्षं काय केलं हे सांगणारं काही उरत नाही. अण्णांनी स्वतःसाठी कधी अर्ज केला नाही, पण अशा दोघा-तिघांना त्यांच्याच खोलीतल्या खंडांतून अंक काढून दिले होते.

म्हणून आपल्याला विनंती. सोलापूर जिल्ह्याच्या वृत्तपत्रांसाठी एक संग्रह सुरू करा, आणि त्याची सुरुवात अण्णांच्या खोलीपासून करा. 1954च्या कायद्याने प्रकाशकांनी प्रती पाठवायच्या त्या कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना. छोट्या गावातल्या साप्ताहिकाचे अंक तिथवर नेमाने गेले असतील असं मानून बसण्यात अर्थ नाही. आणि गेले असले तरी अक्कलकोटच्या शेतमजुराला त्यांचा काय उपयोग?

विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे, विद्यार्थी आहेत. एकाच जिल्ह्यासाठी उभं राहिलेलं हे विद्यापीठ आहे, जिल्ह्याची स्मृती सांभाळणं त्याच्या कामात बसतं. महापालिकेकडे इमारती आहेत, त्यातल्या एखाद्या शाळेतली बंद पडलेली खोलीही चालेल, फक्त ती गळणारी आणि पश्चिमेच्या उन्हात तापणारी नको. न्यूजप्रिंट हा लाकडाच्या लगद्याचा हलका कागद, ऊन आणि उष्णता लागली की पिवळा पडतो, मग पापडासारखा मोडतो. सोलापूरचा एप्रिल-मे तर आपण जाणताच. फार जुने अंक आधी स्कॅन करावे लागतील. स्कॅन करताना खंडांच्या पाठी कापू नयेत, एवढं तरी कंत्राटात लिहावं. पेपर अजून चालू असेल तर मालकांची परवानगी लागेल. मी त्यांच्यातल्या काहींशी बोलले आहे, ते नाही म्हणणार नाहीत.

संग्रह फक्त मराठीचा करू नका. हे शहर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही वाचतं. त्या भाषांतली पत्रकं, मोर्च्यांची हस्तपत्रकं, मंडळांचे अहवाल अण्णांनी त्यांना स्वतःला वाचता येत नसतानाही जपले, मागे पेन्सिलीने कोणाकडून काय आहे ते लिहून घेतलं. ते लावायला त्या त्या भाषेची माणसं बसवावी लागतील. आमच्या भागातले निवृत्त शिक्षक तयार आहेत, मानधन मिळालं तर उत्तमच.

वाचायला येणाऱ्याकडून शिफारसपत्र मागू नका. विडी वळणारी बाई, पीएचडीवाला मुलगा आणि निवृत्त गिरणी कामगार यांना एकाच रजिस्टरवर सही करून आत बसता आलं पाहिजे.

एका बाबतीत मात्र मी उलट मागणी करते. अण्णांच्या टिपणवह्या लगेच खुल्या करू नका. त्यात त्यांना माहिती देणाऱ्यांची नावं आहेत: कारकून, शिपाई, मुकादम, एकदोन पोलीस. अण्णांनी ती नावं कोणालाही सांगितली नाहीत, दबाव आला तेव्हाही नाही. त्यातली काही माणसं हयात आहेत, काहींची मुलं त्याच कार्यालयांत नोकरीला आहेत. वह्या सीलबंद ठेवाव्यात, किती वर्षं ते अण्णांच्या घरच्यांनी ठरवावं, आणि तसा लेखी करार करावा. तो मसुदा मी विनामूल्य करून देईन.

हे होणार नाही असं काही जण मला म्हणतात. शहरातल्याच एका संस्थेने काही वर्षांपूर्वी जागा नाही म्हणून जुने खंड वजनावर विकले, ते आम्हाला फार उशिरा कळलं. त्यात कोणते अंक होते याची यादीसुद्धा केली नव्हती. त्या वेळी तिथे कोणी दुष्ट होतं म्हणून हे झालं नाही. ते कागद कोणाच्या कामाचे आहेत, हे कोणी विचारलंच नाही. म्हणूनच या वेळी मी आधी सांगते आहे: ते माझ्या कामाचे आहेत. माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या कामाचे आहेत.

आपल्यापैकी कोणीही येणार असेल तर रविवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी दहानंतर खोली उघडून दाखवायची व्यवस्था घरच्यांनी केली आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयातलं एखादं जाणकार माणूस बरोबर असावं, म्हणजे काय आधी हलवायचं ते तिथल्या तिथे ठरेल. हलवण्यासाठी टेम्पो, खोकी आणि माणसं आम्ही भागातून देऊ. आमच्याकडून विषयवार यादीचं काम सुरू झालं आहे, 1972 ते 1980 पर्यंतची यादी तयार आहे. आपल्या दोन्ही कार्यालयांच्या आवक विभागात या पत्राबरोबर तिची प्रत जोडून देत आहे. मृग 7 जूनच्या सुमारास लागतं. त्याआधी लेखी उत्तर मिळावं.

आपली,
विडी कामगारांच्या घरातली एक वकील,
सोलापूर